सुनेसमोरची भाषा

३ फेब्रुवारी

डॉक्टरांनी आज आडपडदा न ठेवता सांगितलं. घशातली गाठ वाईट आहे, आणि ती काढायची तर स्वरयंत्रही काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशन या महिन्याच्या शेवटी.

खोलीत आम्ही तिघं होतो, मी, नवरा आणि सासूबाई. नवरा टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसला. आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणते) मांडीवरची पर्स सरळ केली आणि विचारलं, "म्हणजे बोलणं कायमचं बंद?" डॉक्टर म्हणाले, हो. "बरं झालं," आई म्हणाल्या, "सुनेला तेवढाच आराम." हसावं की नाही ते डॉक्टरांना कळेना. मी हसले, कारण रडले असते तर त्यांना आवडलं नसतं.

ही वही कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. जिना उतरताना माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो रेकॉर्डरचा. लहान लहान भाषांची पाहणी हा माझा धंदा. कुठल्या घरात कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं, हे विचारत मी गल्ल्या पालथ्या घालते, परक्यांच्या स्वयंपाकघरात माईक लावून बसते. आणि माझ्या घरात आईंची बोली आहे. ती धड बोलणारी माणसं आता विखुरलेली, म्हातारी, मोजकी उरली आहेत. तिचं मिनिटभरही रेकॉर्डिंग माझ्याकडे नाही. घरातच तर आहे, म्हणून राहून गेलं.

५ फेब्रुवारी

सरांना सांगितलं. सर म्हणजे आमच्या प्रकल्पाचे प्रमुख. वाईट बातमी ऐकली की ते आधी चष्मा पुसतात. पुसला, आणि म्हणाले, "या बोलीच्या नुसत्या शब्दयाद्या आहेत हो आपल्याकडे. सलग बोलणं नाहीच. कुणी हसतंय, चिडतंय, कुणाला समजावतंय, असं काहीच नाही. तेवढं मिळवा. तुम्ही तर त्या घरच्या सूनबाई, म्हणजे अर्धं काम झालेलंच."

आईंना विचारलं तर एका पायावर तयार. "बोलायचंच ना? त्यात काय एवढं!"

सर म्हणाले ते खरंच आहे. या घरात मला कधी परकं वाटलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी इथल्या स्वयंपाकघरात ढसाढसा रडले होते. सगळे हसत-बोलत होते आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. वाटलं, माझ्यावरच हसतायत. आईंनी मला जवळ घेतलं आणि बाकीच्यांना त्यांच्या बोलीत असं काही दटावलं की सगळे चिडीचूप. त्या दिवसापासून माझ्यासमोर कुणीही मला न कळणारं बोललं नाही. सासरे नाहीत, दीर नाहीत, शेजारच्या काकूसुद्धा नाहीत. सगळे माझ्या भाषेत, म्हणजे शाळेतल्या, बाजारातल्या भाषेत. अशी सासरची माणसं मिळायला नशीब लागतं.

७ फेब्रुवारी

शब्दयादीने सुरुवात केली. पाहणीत तसंच करतात. आधी डोकं, केस, पाणी, आग, म्हणजे माणूस जरा सैलावतो. मी माझा शब्द म्हणायचा, त्यांनी त्यांचा. आई तोंडी परीक्षेला बसल्यासारख्या ताठ बसून उत्तरं देत होत्या. 'घसा' या शब्दाला अडल्या. बराच वेळ थांबले. आठवत नसावा, वापरात नसला की होतं असं. जागा रिकामी सोडून पुढे गेले.

मग म्हटलं, आता लहानपणचं काहीतरी सांगा. एक वाक्य बोलल्या त्यांच्या बोलीत, काय झोकदार! मग माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य माझ्या भाषेत.

"आई, तुमच्या बोलीत."

"हो हो, विसरलेच." पुन्हा एक वाक्य. पुन्हा माझ्याकडे नजर. पुन्हा माझी भाषा.

"माझ्याकडे बघू नका ना!"

"मग कुणाकडे बघून बोलू, फ्रिजकडे?"

फ्रिजकडे बघूनही करून पाहिलं. फ्रिजशीही त्या माझ्याच भाषेत बोलल्या. आम्ही दोघी हसलो आणि आईंना खोकल्याची उबळ आली, मग आवरतं घेतलं.

१० फेब्रुवारी

आज सरळ विचारलं, हे असं का होतं. आईंना प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाल्या, "अगं, समोर ज्याला कळत नाही त्याच्यापुढे आपलं आपलं बोलत बसायचं? आमच्यात नाही तसं करत. सगळ्यांच्या ताटात वाढायचं आणि एकीचं ताट रिकामं ठेवायचं, तसं होतं ते."

"पण मी सांगतेय ना, वाढू नका म्हणून!"

"तू सांगशील गं. माझी जीभ वळत नाही त्याला काय करू?"

फार महत्त्वाचं हाती लागलंय. आजवर आम्ही लिहीत आलो की लोकांना लाज वाटते, शाळा बोलू देत नाही, नोकरीला उपयोग नाही, म्हणून बोली सुटते. इथे शिष्टाचारापायी सुटतेय. दहा जणांत एक न कळणारा आला की दहाही जण त्याची भाषा बोलतात! एखाद्या घरात असा माणूस कायमचा राहायला आला तर त्या घराचं काय होत असेल? यावर स्वतंत्र लेख होईल. असं एखादं घर शोधलं पाहिजे.

१४ फेब्रुवारी

आईंसमोर कळणारं माणूस बसवायला हवं, म्हणून नवऱ्याला जुंपलं. त्याला समजतं सगळं, बोलणं सुटलंय. चहा-बिस्किटं मांडली, माईक साखरेच्या डब्याला टेकवला आणि मी बाल्कनीत जाऊन कपडे वाळत घालायला लागले.

नवरा अडखळत काहीतरी म्हणाला. आईंना हसू फुटलं. त्याने पुन्हा काही म्हटलं, त्या पुन्हा हसल्या. मग नुसता कपबश्यांचा आवाज. मला राहवेना. मी आत डोकावले तर दोघं एकदम माझ्या भाषेत, "ये, चहा घे."

"चालू ठेवा ना!"

"ठेवतो की," नवरा म्हणाला. नाही ठेवता आलं.

रात्री भांडी पुसताना त्याला म्हटलं, असा काय रे तू, स्वतःच्या आईशी बोलायला विषय सापडत नाही? तर म्हणाला, "मला त्या भाषेत फक्त लहान पोराचं बोलता येतं. भूक लागली, पडलो, ताईने मारलं. 'आई, तुला भीती वाटतेय का' हे कसं म्हणतात तेच मला माहीत नाही." आणि फडकं खांद्यावर टाकून निघून गेला.

हे त्याचं वाक्य लेखासाठी टिपून ठेवलं. फार बोलकं आहे.

१६ फेब्रुवारी

आज रेकॉर्डर लावून मी घराबाहेरच पडले. आई एकट्या. मी नाही तर अडचण नाही, असा हिशोब.

ऑफिसात कानाला लावून ऐकलं. नळ. पातेलं. खोकला, बराच वेळ. मग आई, माझ्या भाषेत: "अगं, हा लाल दिवा लागलाय. चालू आहे ना?" थोड्या वेळाने: "तुझे सर ऐकणार का हे? नमस्कार, सर." मग नुसतं घड्याळ. मग हळूच: "एकटीने काय बोलायचं गं?"

घरी येऊन कपाळावर हात मारून घेतला. "आई, अहो, यंत्राशीही माझी भाषा?"

"यंत्र तुझंच ना? नंतर तू ऐकणार. म्हणजे तुझ्यासमोर बोलल्यासारखंच झालं."

हात टेकले मी. माणसांना बोलतं कसं करायचं यावर मी इतरांना शिकवणी देते. आणि घरात माझी सावलीसुद्धा आडवी येतेय.

१९ फेब्रुवारी

वन्संचा, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या बहिणीचा, रोज संध्याकाळी आईंना फोन येतो. आई बाल्कनीचं दार लावून बोलतात. मी इतकी वर्षं खुशाल समजत होते की आत माझ्या उखाळ्यापाखाळ्या चालल्यात. नवऱ्याला चिडवायचेही, "जा, तुझ्या बायकोची चौकशी समिती बसलीय."

आज लक्षात आलं की त्या तिथे त्यांच्या बोलीत बोलतात. पडद्याआडून पाहिलं. आई हातवारे करत होत्या, कुणाची तरी नक्कल करत होत्या, भुवया उडवत होत्या, मध्येच चिडल्या आणि लगेच खदखदून हसल्या. आमच्या घरातल्या आई मऊ, सावकाश, जपून बोलतात. ही बाई भलतीच फटाकडी होती. मला चक्क मत्सर वाटला. कुणाचा ते सांगता येणार नाही.

त्यांनी मला पाहिलं. लगेच फोनवर दोन शब्द बोलून दार उघडलं. "ये ये. झालंच आमचं."

२२ फेब्रुवारी

वन्सं ऑपरेशनसाठी राहायला आल्या. त्या शिवणकाम करतात, बोलण्यातही कात्री चालवल्यासारख्या तडक. आई झोपल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं आणि हात जोडले: तुम्ही दोघी बोला, मी घरात थांबत नाही, फक्त ते यंत्र चालू ठेवा. शिष्टाचाराचा माझा शोधही सांगितला, अशा एखाद्या घराचा शोध घ्यायचाय म्हटलं.

वन्सं माझ्याकडे बघतच राहिल्या. "शोध घ्यायचाय? अगं, कुठे बसलीयेस तू?"

मला खरंच कळलं नाही.

"तू आलीस, त्या आठवड्यात आईने सगळ्यांना बजावलं. पोर परकी आहे, तिच्यासमोर आपलं बोलायचं नाही. मी माहेरपणाला आले तर आई मला माझ्याच घरात पाहुण्यासारखं 'या, बसा' करायला लागली. बाबा शेवटी दवाखान्यात होते, तू उशाशी बसून होतीस, म्हणून तेसुद्धा जाताना तुझ्या भाषेत बोलून गेले."

"मग मला शिकवायचं होतं!" माझा आवाज चढला. "मी काय नाही म्हणाले असते?"

"तू विचारलंस कधी?"

"मला वाटलं, तुम्हालाच ती भाषा नकोशी झालीय."

"आणि आम्हाला वाटलं, तुला नकोय." वन्सं म्हणाल्या, "तुला बोल लावत नाही गं. तू चांगलीच वागलीस. आम्हीही चांगलेच वागलो."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण चिडणार कुणावर? एकाने जरी वाईटपणा केला असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

२४ फेब्रुवारी

सकाळीच घर सोडलं. नवऱ्यालाही घेऊन गेले. रेकॉर्डर वन्संच्या हातात दिला, बटण कुठलं ते दाखवलं, आणि आम्ही दोघं शहरभर उगाच भटकलो. एका बागेतल्या बाकावर बसून राहिलो. नवरा म्हणाला, "आत्ता काय बोलत असतील?" मी म्हटलं, "मला काय विचारतोस? तुला तरी कळलं असतं."

संध्याकाळी परतलो तर दोघींचे डोळे सुजलेले आणि चेहरे मात्र उजळलेले. दिवसभर बोलल्या होत्या. रेकॉर्डर डब्यात होता, तसाच, वायरसुद्धा न उलगडलेली.

"आई नको म्हणाली," वन्सं म्हणाल्या. "आणि खरं सांगू? मलाही नको होतं. हे माझं होतं."

मी बोलीसाठी जीव टाकतेय आणि ज्यांची बोली आहे त्यांना ती फक्त बोलायची आहे. स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले आणि नळ सोडून रडले.

२६ फेब्रुवारी

उद्या सकाळी ऑपरेशन. दवाखान्यात संध्याकाळी वन्सं आणि नवरा खाली कागदपत्रांसाठी गेले. मी आईंची औषधं लावत होते. आईंनी बोलावलं, "बस इथे. माझ्याकडे बघ."

बसले. त्यांनी माझा हात धरला आणि त्यांच्या बोलीत बोलायला लागल्या. माझ्याशी! सरळ माझ्या डोळ्यांत बघत. थांबल्या नाहीत, माझ्या भाषेत वळल्या नाहीत. आवाज बसलेला, मध्ये श्वास घ्यायला थांबत होत्या, पण बोलत होत्या. कधी मान हलवत, कधी जरा रागावल्यासारख्या. दाराकडे बोट दाखवलं. एकदा हसल्या.

मला कळले ते यादीतले शब्द. पाणी. हात. दार. बहुधा रात्र. बाकी सगळं डोक्यावरून गेलं. मी नुसती मान डोलावत होते, आणि त्यांनाही ठाऊक होतं की मी उगाच मान डोलावतेय.

"काय म्हणालात, आई?"

"काही नाही गं," माझ्या भाषेत. "घरच्याच गोष्टी."

रेकॉर्डर घरी होता. आणि असता तरी मी उठून तो लावला नसता. हे खरं की मी स्वतःचं समाधान करतेय, मला नाही माहीत.

१ मार्च

ऑपरेशन नीट झालं. आई शुद्धीवर आहेत, गळ्याला नळी आहे. डॉक्टर खूश.

सरांचा फोन आला. तब्येतीची चौकशी झाली, मग अडखळत, "मिळालं का काही?" शब्दयादी मिळाली, म्हटलं. "हरकत नाही. यादी तरी पूर्ण आहे ना?" एक जागा रिकामी आहे, म्हटलं. कुठली, असं त्यांनी विचारलं आणि 'घसा' हा शब्द माझ्या तोंडून बाहेर पडेना. मला वाटलं होतं आईंना आठवत नाही! गाठ घशात, ऑपरेशन तोंडावर, आणि मी समोर माईक धरून "घसा? घसा?" करत बसले होते. फोन ठेवून दिला. इतकी मठ्ठ बाई मी दुसरी पाहिली नाही.

४ मार्च

नर्स म्हणाली, आता यांना बोलायचं असेल तर लिहून. मी धावत जाऊन पांढरी पाटी आणि मार्कर घेऊन आले. निदान एवढं तरी जमलं, असं वाटत होतं.

आईंनी पाटी मांडीवर घेतली. वन्सं पलीकडे बसल्या होत्या. आईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मार्कर टेकवला आणि थांबल्या. दोन अक्षरं काढली, पुसली. वेगळी काढली, पुसली. वन्सं पुढे वाकून म्हणाल्या, "लिही ना, मी लावते अर्थ." आईंनी मानेनेच नाही म्हटलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि तळपायाची आग मस्तकात गेली, स्वतःवरच. या बोलीला लिपी नाही. कधी नव्हतीच. हे वाक्य मीच अहवालात लिहिलंय, पहिल्याच पानावर. त्यांच्या कित्येक आवाजांना आपल्याकडे अक्षरं नाहीत. आम्ही संशोधक खास चिन्हं वापरतो, आणि ती आईंना वाचता येत नाहीत. आई शाळेत शिकल्या त्या माझ्या भाषेतलं लिहायला. आवाज जाणार म्हणून आम्ही सगळे आवाजाकडे बघत होतो. आवाजाबरोबर अख्खी भाषाच जाणार, हे मला, निदान मला तरी, दिसायला हवं होतं.

शेवटी आईंनी वन्संना लिहिलं, माझ्या भाषेत, "जेवलीस का?" वन्संनी वाचलं आणि तोंड फिरवलं. आजवर आई त्यांच्याशी या भाषेत बोलली ती फक्त माझ्याखातर.

६ मार्च

आज आई टेकून बसल्या, चेहऱ्यावर जरा रंग आला. वन्सं डबा घेऊन आल्या आणि शिरता शिरताच त्यांच्या बोलीत काहीतरी बोलायला लागल्या. मला पाहून अडखळल्या. मी लगेच उठले. "तुम्ही बोला, मी बाहेर आहे." आता एवढं तरी शहाणपण आलंय मला.

बाहेरच्या बाकावर बसले. आतून वन्संचा आवाज येत होता. त्या बोलायच्या, मग थांबायच्या, आई लिहीपर्यंत. पुन्हा बोलायच्या. सुरुवातीला त्यांच्या बोलीत होत्या. मग थांबणं वाढत गेलं. मग एक वाक्य माझ्या भाषेत ऐकू आलं, मग आणखी एक. समोर माझ्या भाषेत लिहिलेलं असेल तर उत्तरही तसंच तोंडात येत असणार. मी कान झाकून घेतले. मी तर बाहेर होते! आणखी किती लांब जायचं होतं मी?

दार उघडून वन्सं आल्या. "आत चल."

"नको वन्सं, तुम्ही दोघी बोला ना."

"आई बोलावतेय."

आत गेले. आईंनी पाटी माझ्याकडे वळवली नाही, ती वन्संसाठी लिहिलेली होती, पण मला दिसली. शाळेत घोटवलेलं गोल, स्वच्छ अक्षर. 'तिला बाहेर का बसवलंस? आत बोलाव. आता सगळं तिला कळेल असंच आहे.'

आईंनी पाटी पुसली आणि माझ्यासाठी खुर्ची पुढे घ्यायची वन्संना खूण केली. मी बसले.